साहेबांनी असं म्हटलंच नव्हतं

सगळ्या नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द लिहिला असेल, तर तो 'विपर्यास'. साहेबांच्या विधानाचा विपर्यास करण्यात आला, वृत्तात विपर्यास झाला, विपर्यस्त माहितीवर विश्वास ठेवू नये. निवृत्त झाल्यावरही पेपरात कुठे तो शब्द दिसला की आपल्याच हातचा वाटतो.

मी शासकीय माहिती खात्यात होते. आधी नांदेडला, मग बरीच वर्षं लातूरला, शेवटी पुन्हा नांदेडला. बाहेरच्यांना वाटतं की आमचं काम म्हणजे मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बातम्या लिहायच्या आणि फोटोत कोण कुणाच्या डावीकडे उभं आहे ते सांगायचं. तेही होतंच. पण दिवस सुरू व्हायचा कात्रीनं. सकाळी सगळे पेपर वाचायचे, सरकारबद्दल जे छापून आलं असेल ते कापायचं, कागदावर चिकटवायचं, वर 'अनुकूल' किंवा 'प्रतिकूल' असा शेरा मारायचा आणि गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. त्यातलं एखादं प्रतिकूल कात्रण वाचून वरून फोन यायचा, खुलासा पाठवा. मग मी बसायचे.

खुलासा ही एक कलाच आहे, आणि ती मला येत होती हे सांगायला मी लाजत नाही. साहेब बोललेच नाहीत, असा खुलासा सर्वांत सोपा. पुढे प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आला आणि तो प्रकार संपला. मग बोलले, पण तसं नाही. तेही जमलं नाही तर शब्द तेच, अर्थ वेगळा. टँकर आला नाही, रस्ता वाहून गेला, बियाणं उगवलं नाही, असल्या गोष्टींवर मी चहा पितापिता खुलासे लिहिलेत. अवघड जायचं ते एकाच बाबतीत. सरकार लोकांवर नजर ठेवतं असा आरोप झाला आणि साहेब त्याचं समर्थन करायला उभे राहिले की मी धास्तावायचे. टँकर आला नाही हे झाकता येतं. पण नजर ठेवणं कसं बरोबर आहे हे सांगताना माणूस आपण काय काय पाहिलं ते सांगून बसतो. त्याला राहवत नाही.

हे मला पहिल्यांदा कळलं ते लातूरकडच्या भूकंपात. मी नवीन होते. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या एका गावाची सभा होती. नवं गाव कुठे वसवायचं यावर लोकांचं आणि सरकारचं जमत नव्हतं. सभेत एक माणूस मागे बसून लिहून घेत होता. तो ओळखू आला तो डोक्यावरच्या केसांमुळे. त्या गावात ज्याच्या घरात कुणी गेलं नाही असा माणूस उरला नव्हता, पुरुषांची सगळी डोकी भादरलेली होती. हा एकटाच भांग पाडून आलेला. लोकांनी विचारलं, तेव्हा तो साध्या कपड्यातला पोलीस निघाला. मारहाण कुणी केली नाही. तेवढी ताकदच राहिली नव्हती. पण लोक मंडपातून उठायला लागले.

तिथे सरकारच्या वतीनं सबनीस साहेब होते. नाव मी बदललंय. तेव्हा ते तरुण अधिकारी होते आणि त्या दिवसांत त्यांच्याइतकं राबलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. दगड उपसून दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. आवाज बसला होता. ते उभे राहिले आणि लोकांना थांबवत म्हणाले, "यात चिडण्यासारखं काही नाही. जे गेले त्यांची सरकारला चिंता नाही. लक्ष ठेवावं लागतं ते राहिलेल्यांवर."

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाला, "म्हणजे आम्ही राहिलो, हीच चूक झाली म्हणा की साहेब."

दुसऱ्या दिवशी ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून आलं. मी खुलासा लिहिला. 'लक्ष ठेवणे' काढून 'काळजी घेणे' घातलं, 'चिंता नाही' च्या जागी 'त्यांचे दुःख मोठे आहेच' असं लिहिलं. सबनीस साहेबांनी तो उभ्या उभ्याच वाचला आणि मला म्हणाले, "मी हेच म्हणालो होतो, नाही का बाई?" ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. लक्ष ठेवणं आणि काळजी घेणं यांत त्यांच्या मनात भेदच नव्हता, आणि पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

मधली वर्षं सोडून देते. लातूर तोवर क्लासेसचं गाव झालं होतं. ज्या भागात पूर्वी संध्याकाळी शुकशुकाट असायचा तिथे पाठीवर दप्तरं घेतलेली हजारो मुलं चालायची. भिंतीभिंतीवर पास झालेल्यांचे फोटो. घरमालकांनी एकेका खोलीत प्लायवूड ठोकून दोन-दोन खोल्या केल्या होत्या. देवणी, मुखेड, हदगाव, कुठकुठली पोरं. आईबाप शेतातला माल विकून त्यांना ठेवून जायचे. सबनीस साहेब मोठ्या हुद्द्यावर लातूरला परत आले होते. केस पांढरे, बाकी तेच.

त्या सुमारास एका मुलानं खोलीत जीव दिला. देवणीकडचा होता. दार आतून बंद, शेजाऱ्यांना वाटलं गावी गेला असेल. दार उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता. साहेब स्वतः तिथे गेले. मी बाहेर जिन्यात उभी होते. ते खाली आले आणि एवढंच म्हणाले, "एवढी माणसं या गल्लीत राहतात बाई, आणि या पोराकडे कुणी बघितलं नाही."

मग कॅमेरे आले. क्लासच्या गल्ल्यांत, मुलींच्या होस्टेलसमोर, चहाच्या टपऱ्यांवर, चौकाचौकांत. एका खोलीत पडदे लावून दिवसभर ते बघणारी माणसं बसवली. उद्घाटनाला मंत्री आले. भाषण मी लिहून दिलं होतं, सुरक्षितता, पालकांचा विश्वास वगैरे. मंत्र्यांनी कागद बाजूला ठेवला आणि समोर बसलेल्या मुलींना म्हणाले, "पोरींनो, घाबरायचं नाही. हे सगळं माझ्या मोबाइलवर दिसतं. संध्याकाळी जेवायला बसलो की मी स्वतः तुमच्याकडे बघत असतो."

काही जण हसले. मुली हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून होस्टेलच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे दिसेनासे झाले. मुली ओले कपडे खोलीत पंख्याखाली वाळवायला लागल्या. माझा खुलासा असा होता, की मंत्रिमहोदयांनी पालकाच्या भूमिकेतून उद्गार काढले. पालकांची तेवढ्यानं समजूत पटली नाही. शिष्टमंडळं आली, निवेदनं आली, मुलींच्या होस्टेलवर रोखलेले कॅमेरे काढा अशी मागणी झाली. तेव्हा सबनीस साहेबांनी पत्रकार परिषद घ्यायचं ठरवलं.

मी त्यांना आधी सांगितलं होतं, साहेब, धोरण सांगा, नियम सांगा, उदाहरण देऊ नका. ते हो म्हणाले. पहिली दहाएक मिनिटं चांगली गेली. मग एकानं विचारलं की हे कॅमेरे लोकांच्या खासगी आयुष्यात डोकावत नाहीत कशावरून.

"डोकावत नाहीत. उलट आयुष्य वाचवतात," साहेब म्हणाले. "एक उदाहरण देतो." मी टेबलाखालून त्यांच्या बाहीला हात लावला. त्यांच्या लक्षात आलं नाही. ते सांगत गेले. मुखेड तालुक्यातली एक मुलगी, मेडिकलची तयारी करणारी. क्लास सुटला की कोपऱ्यावरच्या रसवंतीत एका मुलाबरोबर बसायची. पडद्यावर बघणाऱ्यांच्या ते नजरेत आलं. वडिलांना बोलावून घेतलं, समज दिली. आता मुलगी मन लावून अभ्यास करते.

एक तरुण वार्ताहर मुलगी मागे उभी होती. तिनं विचारलं, "सर, तिनं तक्रार केली होती का?"

"नाही."

"मुलगा त्रास देत होता?"

"तसं नाही."

"मग गुन्हा काय होता?"

साहेब म्हणाले, "गुन्हा व्हायची वाट बघायची का?"

झालं. रसवंती, मुखेड तालुका, मेडिकल, सगळं पेपरात आलं. नाव आलं नाही, म्हणून साहेब निश्चिंत होते.

चारपाच दिवसांनी एक गृहस्थ माझ्या कार्यालयात आले. धोतर, टोपी, हातात पेपरची घडी. मागे सलवार-कमीजमधली मुलगी. मी खुर्च्या दिल्या. ते बसले नाहीत. मुलगी बसली.

"मॅडम, हे तुम्हीच छापता का?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की पेपर आम्ही छापत नाही, पण सरकारचं म्हणणं आमच्याकडून जातं. ते मग हळूहळू सांगत गेले. शेतकरी माणूस. पोरीला डॉक्टर करायचं म्हणून लातूरला ठेवली. मागे त्यांना बोलावून साहेबलोकांनी पोरीचं चित्र दाखवलं होतं पडद्यावर. त्यांनी ते घरातही कुणाला सांगितलं नव्हतं, तिच्या आईलासुद्धा नाही. आता पेपर गावात आला. गावातल्या तीन पोरी लातूरला होत्या, आणि पारावर रोज तिघींची नावं निघत होती.

"तुम्ही एवढं करा," ते म्हणाले. "चूक झाली म्हणून छापा. मुखेड नव्हतं, देगलूर होतं म्हणा. नाहीतर उदगीर म्हणा. आमचा तालुका तेवढा काढा."

मुलगी पहिल्यांदा बोलली. "मग तिथल्या पोरींचं काय, अण्णा?"

खरं सांगायचं तर मला तो खुलासा लिहिता आला असता, आणि तो चांगला वठलाही असता. मी मुलीला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे. मला वाटलं ती म्हणेल, माझं तसं काही नव्हतं, तो मित्र होता, भाऊ होता, अभ्यासाचं बोलत होतो. ती म्हणाली, "माझं काही चुकलं नव्हतं असं पण नका लिहू. चुकलं का न्हाई ते ठरवायला त्यांना कुणी बोलावलं होतं? त्यांनी मला बघितलं आणि बघितलेलं गावाला सांगितलं. तेवढंच लिहा."

तो मुलगा कोण, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

ते गेल्यावर मी लिहायला बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'विपर्यास' शब्द न वापरता लिहिलं. एका विद्यार्थिनीबद्दलचा उल्लेख करायला नको होता, तो तिचा खासगी विषय होता, त्याबद्दल प्रशासन तिची आणि सर्व विद्यार्थिनींची माफी मागते. तीनच ओळी. तो कागद घेऊन मी साहेबांकडे गेले.

त्यांनी वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आली होती ती?" त्यांनी विचारलं. मी काय झालं ते सगळं सांगितलं, पारावरचंही. त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले की हे असं छापायला वरून कुणी परवानगी देणार नाही. मंत्र्यांचंही प्रकरण ताजं आहे. "पण मी स्वतः जाऊन माफी मागतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, जाऊ नका. फोन करा. नाहीतर त्यांना इथे बोलवा."

"बोलावणं म्हणजे पुन्हा हुकूमच झाला बाई. माफी मागायची तर आपण जावं."

हे चुकीचं आहे असं मला म्हणता येईना. एखाद्या सज्जन माणसानं दुसरं काय करावं? मी फक्त एवढं म्हटलं, की मग दिव्याची गाडी नको, एस.टी.नं जाऊ. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

आम्ही निघालो ते एकाच गाडीतून. पण मोठा साहेब जिल्हा ओलांडून तालुक्यात येतोय म्हटल्यावर खालच्यांना राहवत नाही. हद्दीवर पोलिसांची जीप उभी होती, ती पुढे लागली. मुखेडच्या अलीकडे महसूलवाल्यांची गाडी मागे लागली. गावात शिरलो तेव्हा चार गाड्या होत्या आणि पुढची जीप लोकांना बाजूला करायला भोंगा वाजवत होती. पाराजवळ एका शिपायानं खाली उतरून मोठ्यानं त्या माणसाचं घर विचारलं. पारावरचे सगळे उठले आणि घर दाखवायला आमच्याबरोबर चालत आले.

घर साधं, नीटनेटकं. अंगणात दावणीला एक देवणी गाय बांधलेली. साहेब आत गेले, मी त्यांच्या मागे. दाराशी, खिडकीशी, भिंतीवर माणसंच माणसं. साहेबांनी बूट काढले, खाली सतरंजीवर बसले, आवाज अगदी खाली आणून म्हणाले की माझ्याकडून चूक झाली, मला माफ करा. हात जोडले. ते हात जोडलेले बाहेरच्यांनी पाहिले.

मुलीचे वडील त्यांच्यासमोर बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते म्हणाले, "साहेब, आमच्या गावच्या तीन पोरी हायेत लातूरला. कालपर्यंत लोक तिघींची नावं घेऊन राहिले होते. आज एकच राहिलं."

साहेबांना ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा ते उठले आणि दाराशी बूट शोधायला लागले. आतल्या दाराच्या चौकटीत मुलगी उभी होती. तिची आई तिच्याकडे बघत होती. आईला त्या दिवशीच कळत होतं. कुणीतरी चहा आणला, तो आम्ही घेतला की नाही ते मला आठवत नाही.

परतताना गाडीत साहेब एकदाच बोलले. "मी आत कुणाचं नावसुद्धा घेतलं नाही, बाई."

"हो साहेब," मी म्हटलं.

महसूलवाल्यांपैकी कुणीतरी पेपरला कळवलं असणार. दुसऱ्या दिवशी बातमी आली. अधिकारी असावा तर असा, शेतकऱ्याच्या दारी जाऊन दिलगिरी, संवेदनशील प्रशासन. सोबत घराचा फोटो. मी ती कापली, चिकटवली आणि वर 'अनुकूल' लिहिलं. तिसरा शेरा आमच्याकडे नव्हता.

मुलीची गादी आणि पुस्तकांची पेटी त्याच आठवड्यात लातूरहून गावी गेली. परीक्षेला तिला बसू दिलं नाही. उन्हाळ्यात लग्न लावून दिलं, हदगावकडे, तिच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या माणसाशी. हे सगळं मला तिच्या वडिलांनी सांगितलं. ते अधूनमधून फोन करायचे. तक्रार नसायची. एकदा फक्त त्यांनी विचारलं, की पेपरातला तो घराचा फोटो आता मोबाइलवरही दिसतो, तो काढता येतो का. मी माझ्या ओळखीच्या सगळ्यांना विचारलं. नाही काढता आला.

कॅमेरे राहिले. वाढले. नांदेडलाही क्लासेसच्या भागात लागले. काही वर्षांनी लातूरच्या त्याच गल्लीत आणखी एक मुलगा गेला. या वेळी सगळं चित्रीकरण होतं. दप्तर घेऊन तो गल्लीतून येताना दिसतो, टपरीवर कुणाला तरी हात करतो, जिना चढताना दिसतो. तिथून पुढे खोली. पडद्यासमोर माणसं बसलेली होती, त्यांनीही ते पाहिलं होतं. त्यात त्यांना वावगं काही दिसलं नव्हतं, दिसणार तरी काय? सबनीस साहेब तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांचा मला फोन आला. बातमी खरी का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवून दिला. त्यानंतर त्यांनी कुठल्या सत्काराला वगैरे जाणं बंद केलं असं ऐकते.

मला लोक विचारतात, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बोलण्यावर पांघरूण घालायचा कंटाळा नाही आला का. कंटाळा नाही आला. काम म्हणून ते मी नीट केलं. माझ्या खुलाशात कधी व्याकरणाची चूक सापडली नाही, आणि एखाद्या पेचातून साहेब सुटले की मला आनंदही व्हायचा. पण त्या सगळ्या गठ्ठ्यात मी लिहिलेलं एकच खरं पान होतं, आणि तेच छापलं गेलं नाही.

यंदा दिवाळी अंकासाठी लेख मागितला तेव्हा हेच लिहावं असं वाटलं. पण तिला न विचारता लिहिलं असतं तर माझ्यात आणि त्या पडद्यासमोर बसलेल्या माणसांत काय फरक राहिला असता? तिचे वडील वारले, त्याच्या आधी त्यांनी मला तिचा नंबर दिला होता. मी फोन केला. ओळख सांगावी लागली नाही. तुझ्यावर लिहू का, असं विचारलं. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, तिनं आधी गॅस बंद केला.

मग म्हणाली, "लिहा मॅडम. झालं ते सगळं लिहा. फक्त मी आता कुठं असते, काय करते, ते नका लिहू. चांगलं असलं तरी नका लिहू."

ती कुठे असते ते मला माहीत आहे. काय करते तेही. लिहीत नाही.